भिंतीआडची सेवा

(संस्थेच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या स्नेहमेळाव्यात इमारत व देखभाल समितीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून रुग्णसेवेचा, शस्त्रक्रियांचा आणि नव्या यंत्रसामग्रीचा आढावा घेतला जातो, आणि तो घेतला जावा हे उचितच आहे. इमारत समितीचे निवेदन मात्र अहवालाच्या अखेरीस चार-दोन ओळींत आटोपते. ‘रंगकाम पूर्ण झाले, गच्चीची डागडुजी झाली, सर्वांचे आभार’ एवढ्यावर ते संपते. यंदा अध्यक्षांनी आम्हांस थोडे सविस्तर बोलण्याची आज्ञा केली. या संधीचा उपयोग आम्ही आपल्या रुग्णालयातील अशा एका कामाविषयी बोलण्यासाठी करणार आहोत की जे उत्तम झाले तर कोणाच्या लक्षातच येत नाही. ते काम म्हणजे इमारतीची देखभाल. आणि त्या कामाचा प्रमुख म्हणून जो मनुष्य उभा असतो, त्याची भूमिका नेमकी काय, हा आमचा विषय.

१२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या मंडणगडात न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या हस्ते झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्यात न्यायाचे दालन उभे राहिले, याचा आनंद आपण सर्वांनी अनुभवला. त्या आनंदात सहभागी असतानाच आमच्या समितीच्या मनात एक विचार येऊन गेला. इमारतीचे उद्घाटन एका दिवशी होते. तिच्या देखभालीचा प्रारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. त्या प्रारंभाला फीत नसते, कोनशिला नसते. शाळा असो, एसटीचे स्थानक असो, न्यायालय असो वा रुग्णालय असो, सार्वजनिक इमारतीचे पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर अवलंबून असते.

वास्तविक देखभाल हा विषय कोकणी माणसास नवा नाही. आगोटीची कामे आपल्या रक्तातच आहेत. वैशाख सरत आला की घराघरांतून कौले चाळली जात. फुटके कौल काढून नवे बसवायचे, वासे ठोकून पाहायचे, वाळवी लागलेला रीप बदलायचा, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, झड येणाऱ्या बाजूस झापांचा आडोसा बांधायचा, सरपण कोरड्या जागी रचायचे आणि मगच मृगाची वाट पाहायची. मृगाआधी हे काम झाले नाही तर पुढचे चार महिने घरात भांडी मांडून पागोळ्या झेलाव्या लागतात, हे लहान मुलालाही ठाऊक होते. हे काम कोणी सांगून होत नसे. घर आपले होते म्हणून होत असे.

सार्वजनिक इमारतीची अडचण नेमकी येथे आहे. ती सर्वांची असते, म्हणून तिचे कौल चाळण्याची आठवण कोणालाच होत नाही. ज्याच्या मनात ती इमारत आपल्या घरासारखी वसलेली आहे असा एक तरी जबाबदार मनुष्य तेथे असावा लागतो. देखभाल-प्रमुखाच्या भूमिकेची याहून सोपी व्याख्या आम्हांस सुचत नाही.

आपल्याकडे हे काम अनेक वर्षे जे गृहस्थ पाहत आहेत, त्यांना आपण सारे ‘मिस्त्री’ म्हणूनच ओळखतो. आपले नाव अहवालात छापू नये अशी त्यांनी विनंती केली आहे आणि तिचा मान राखणे आमचे कर्तव्य आहे. पण त्यांच्या कामाचे स्वरूप सांगण्यास त्यांनी हरकत घेतलेली नाही.

पुष्कळांची समजूत अशी असते की, मिस्त्री म्हणजे नळ गळू लागला की पाना घेऊन येणारा मनुष्य. तेही काम ते करतात. परंतु ते त्यांच्या कामाचा लहानसा भाग आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे हे कारागिराचे काम. काय बिघडण्याच्या बेतात आहे हे ओळखणे, आधी काय करायचे व नंतर काय हे ठरवणे, वायरमन, प्लंबर, गवंडी, सफाई कामगार यांच्या कामांचा मेळ घालणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनाही ‘थांबा’ म्हणणे, हे प्रमुखाचे काम होय.

त्यांची सकाळ फेरीने सुरू होते. बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वी ते गच्चीपासून तळापर्यंत एकदा चालून येतात. प्रथम पाण्याच्या टाक्या. विहिरीचे वा नळयोजनेचे पाणी टाकीत आले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. तुरटी-ब्लीचिंगचा हिशेब असतो, आणि शेवटच्या नळाशी येणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे थेंब टाकून रंगावरून तपासावे लागते. टाकीजवळच्या नळाशी तपासणी केली तर ती फसवी ठरते. म्हणून मिस्त्री नेहमी सर्वांत दूरच्या, प्रसूती कक्षामागच्या नळाचे पाणी घेतात.

त्यानंतर ऑक्सिजनची खोली. किती सिलिंडर भरलेले, किती रिकामे, वाहिनीतील दाब किती, राखीव बाजू तयार आहे की नाही, याची नोंद होते. या खोलीचा एक नियम त्यांनी दारावरच रंगवून घेतला आहे. तेल वा ग्रीस लागलेला हात व्हॉल्व्हला लावायचा नाही, कारण दाबाखालील शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात तेल आपोआप पेट घेऊ शकते. नवीन येणाऱ्या प्रत्येक सेवकाला ते हा नियम स्वतः समजावून सांगतात आणि तो उलट म्हणून दाखवल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत.

मग वीज. जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता सुरू करून बंद करायचा नसतो. त्यावर प्रत्यक्ष भार टाकून तो चालवावा लागतो. रिकामा चालणारा जनरेटर खऱ्या रात्री दगा देऊ शकतो. बॅटऱ्यांतील पाणी, इन्व्हर्टरचा वेळ, लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या मर्यादेत आहे का, निर्जंतुकीकरणाचे यंत्र १२१ अंशांपर्यंत पोहोचते का, हे सारे त्याच फेरीत येते. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंगची एक खास अडचण आहे. हा दगड विजेला सहजी जमिनीत उतरू देत नाही, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की अवरोध आणखी वाढतो. म्हणून फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यांना पाणी घालण्याचा त्यांचा परिपाठ आहे. झाडांना पाणी घालावे तसा हा मनुष्य जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला पाणी घालतो, हे पाहून एका पाहुण्यांना हसू आले होते. त्या पाण्यामुळे शस्त्रक्रियागृहातील डॉक्टर, परिचारिका आणि टेबलावरचा रुग्ण विजेच्या धक्क्यापासून सुरक्षित राहतात, हे सांगितल्यावर त्यांनी खिशातून वही काढून ते टिपून घेतले.

इमारतीच्या अंगाचीही अशीच पाहणी चालते. भिंतीला तडा दिसला की सिमेंट भरून वर रंग लावणे ही दुरुस्ती नव्हे, ते झाकणे होय. मिस्त्री तड्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवतात आणि शेजारी तारीख लिहितात. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे आणि अभियंत्यास बोलावले पाहिजे. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, तो भरून टाकता येतो. आपल्याकडे खाड्यांवरून खारा वारा येतो. त्यातील क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतील सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने वरचे काँक्रीट फुगून सुटते. म्हणून सज्ज्याखाली तांबूस ओघळ दिसला की त्यांच्या वहीत त्याची नोंद होते. ओघळ दिसतो तेव्हा खर्च थोडा असतो. सळई उघडी पडते तेव्हा तो अनेक पटींनी वाढलेला असतो.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की, हे सारे ठीक आहे, परंतु रुग्ण बरे होतात ते डॉक्टरांच्या हातून. त्यात पाण्याच्या टाकीचे आणि गटाराचे एवढे कौतुक कशाला? याचे उत्तर इतिहासाने फार स्पष्टपणे दिलेले आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली आपल्या परिचारिकांसह दाखल झाल्या. त्यांनी अहोरात्र सेवा केली, तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर पोहोचले होते. मार्च महिन्यात एक आरोग्य आयोग तेथे आला. डॉक्टरांबरोबरच अभियंताही असलेल्या त्या आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसून धुऊन काढली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. पुढे नाइटिंगेलबाईंनी रुग्णालयांच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला, आणि रुग्णालयाने रुग्णास निदान अपाय तरी करू नये हा विचार आयुष्यभर मांडला. सेवाभाव तर आधीही होता. त्याच्या पायाखालचे गटार मात्र तुंबलेले होते.

आपल्या महाराष्ट्रातील अलीकडच्या आठवणी याहून वेदनादायक आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. ७ बालकांना वाचवता आले, १० बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, वाहिनीतील दाब घसरला आणि २२ रुग्णांचे प्राण गेले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ जण मृत्युमुखी पडले. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आपली संस्था त्यांच्यापेक्षा शहाणी आहे असा आमचा दावा तर मुळीच नाही. परंतु या तिन्ही ठिकाणी रुग्णाचा आजार नव्हे, तर रुग्णालयाची इमारत व तिच्यातील यंत्रणा मृत्यूचे कारण ठरली, हे आपण प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावे लागते. आपण ते वेळच्या वेळी सादर करतो. पण प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरते सत्य असते. उरलेल्या दिवसांत जिन्याखाली जुन्या गाद्या कोणी रचल्या, मागचे दार चोरीच्या भीतीने कोणी कुलूपबंद केले, एका सॉकेटला तीन यंत्रे कोणी जोडली, हे पाहणारा डोळा रोज लागतो. कायदा यंत्रणा मागतो. ती यंत्रणा जिवंत ठेवण्यास माणूस लागतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. ज्या सावित्री नदीच्या खाडीकाठी आपला तालुका वसला आहे, त्याच सावित्रीवरील महाडजवळचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला; गेलेली माणसे परत आली नाहीत. आपला म्हाप्रळ–आंबेत पूलही २०२१ पासून दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवावा लागला आणि रुग्णवाहिकांना फेरीबोटीचा वा वळशाचा मार्ग धरावा लागला, हे येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी प्रत्यक्ष सोसले आहे. या दोन घटना शेजारी ठेवून आम्ही एवढेच म्हणू की, वेळीच बंद केलेला पूल गैरसोय करतो, वेळीच बंद न केलेला पूल घात करतो. ‘बंद करा’ असे म्हणण्याचे धैर्य हा देखभालीचा अविभाज्य भाग आहे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मंडणगड व दापोली तालुक्यांनाही त्याने झोडपून काढले. घरांचे पत्रे उडाले, आंबा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, आणि कित्येक गावे पुढे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यात करोनाची साथ. त्या दिवसांत आपल्या जनरेटरला डिझेल किती दिवस पुरेल याची कोणालाच शाश्वती नव्हती. जनरेटरच्या खोलीत मात्र एक कागद आधीपासून चिकटवलेला होता. वीज गेल्यास कोणता भार प्रथम, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नाही, याची ती यादी होती. प्रथम प्रसूती कक्ष व शस्त्रक्रियागृह, ऑक्सिजन देणारी यंत्रे, लसींचा फ्रिज. मग ठरावीक वेळी पाण्याचा पंप. मग प्रत्येक कक्षात एक दिवा. कार्यालयातील वातानुकूलन यंत्र शेवटच्या रकान्यात, फुलीसह. ही यादी वादळाच्या दिवशी केलेली नव्हती. मिस्त्रींनी ती आदल्या वर्षीच डॉक्टरांसह बसून केली होती. वादळाच्या दिवशी वाद घालण्यास वेळ नव्हता आणि वाद घालण्याची गरजही पडली नाही.

येथपर्यंत आम्ही आपल्या चांगल्या गोष्टी सांगितल्या. आता एक गोष्ट अशी सांगतो की, जी गेली काही वर्षे आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. देणगीदारांसमोर ती सांगावी किंवा कसे, यावर समितीत चर्चा झाली आणि ती सांगितलीच पाहिजे असे एकमताने ठरले.

शस्त्रक्रियागृहावरील गच्चीच्या एका कोपऱ्यात ओल येत असल्याची नोंद मिस्त्रींनी आपल्या वहीत केली होती. एकदा नव्हे, लागोपाठ तीन वेळा. गच्चीचा उतार नव्याने करून जलरोधक थर द्यावा लागेल, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या वर्षी एका नव्या यंत्रासाठी देणगी मिळण्याची शक्यता होती आणि तिच्यात संस्थेचा हिस्सा घालणे आवश्यक होते. गच्चीचे काम आम्ही पुढे ढकलले. ‘यंदाचा पावसाळा ताडपत्रीवर काढू’ असा निर्णय झाला. तो निर्णय ज्यांनी घेतला, त्यांत आज आपल्यासमोर बोलणारे आम्हीही होतो.

आषाढातील एका रात्री पावसाने जोर धरला. ताडपत्री फाटली. पाणी छतातील नळीवाटे तारांच्या मार्गाने थेट शस्त्रक्रियागृहाच्या विद्युत फलकात उतरले. त्याच वेळी जवळच्या गावातून आलेल्या एका भगिनीची शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची तयारी चालली होती. मिस्त्री त्या रात्री पावसाचा आवाज ऐकून स्वतः होऊन रुग्णालयात आलेले होते. त्यांनी फलकाला हात न लावता मुख्य खटका पाडला आणि शस्त्रक्रियागृह बंद असल्याचे जाहीर केले. डॉक्टर चिडले, ते स्वाभाविक होते, त्यांच्यासमोर दोन जीव होते. आमच्यापैकीच एकाला फोन लावण्यात आला आणि आमच्याकडून ‘पंखा लावून फलक वाळवा आणि सुरू करा’ अशी सूचना गेली. मिस्त्रींनी ती सूचना मानली नाही. प्रसूती कक्षालगतच्या लहान शस्त्रक्रिया-खोलीसाठी त्यांनी जनरेटरवरून स्वतंत्र वाहिनी पूर्वीच ओढून ठेवली होती. पाऊण तासात ती खोली सज्ज झाली. माता व बालक सुखरूप राहिले.

सकाळी फलक उघडला तेव्हा आतील जोड काळे पडलेले आढळले. रात्री खटका वर केला असता तर काय झाले असते, याची कल्पना विजेचे काम जाणणाऱ्यांनी आम्हांस दिली. ती येथे सांगण्याची आमची इच्छा नाही. ती बालिका आता शाळेत जाते. तिच्या मातापित्यांना त्या रात्रीची पूर्ण हकीकत आम्ही पुढे जाऊन सांगितली आणि त्यांची क्षमा मागितली.

या प्रसंगातून आम्ही काही गोष्टी शिकलो आणि त्या नियमांच्या स्वरूपात नोंदवून ठेवल्या.

पहिली गोष्ट वहीची. मिस्त्रींची वही पूर्वी त्यांच्या खोलीत पडून असे. आता ती दरमहा विश्वस्तांच्या सभेत मांडली जाते. ज्या नोंदीवर काम होणार नाही, तिच्यासमोर ते का होणार नाही आणि कोणाच्या निर्णयाने होणार नाही, हे लिहून सही करावी लागते. काम पुढे ढकलणे कधी कधी अपरिहार्य असते. परंतु ते आता आमच्या सहीनेच ढकलले जाते, आपोआप ढकलले जात नाही. सही करताना हात थबकतो, असा आम्हा सर्वांचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. कोणतीही खोली, यंत्र वा वाहिनी धोकादायक वाटल्यास ती तत्काळ बंद करण्याचा अधिकार देखभाल-प्रमुखास ठरावाने दिलेला आहे. ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांची लेखी संमती लागते. विश्वस्तांचा फोन पुरत नाही. ज्याच्यावर जबाबदारी टाकली, त्याच्या हाती अधिकार न देणे हा अन्याय आहे, आणि रुग्णालयात तर तो धोकाही आहे.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. मिस्त्री कधी रजा घेत नाहीत, हाक मारली की मध्यरात्रीही येतात, हे आम्ही वर्षानुवर्षे कौतुकाने सांगत आलो. आंबडव्याचे सुपुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची कायदेदुरुस्ती त्यांनीच मांडलेली होती. त्यांच्या मूळ गावच्या तालुक्यातील एका धर्मादाय संस्थेने आपल्या सेवकास साप्ताहिक सुटीही न देता त्याच्या सेवाभावाचे गोडवे गावेत, ही भूषणाची गोष्ट नव्हती. गतवर्षापासून त्यांना सुटी मिळते आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या जागी प्रशिक्षित सहायक असतो. एकाच माणसाच्या न थकण्यावर जे रुग्णालय चालते, ते सुरक्षित नव्हे.

आणि आता मूळ प्रश्न. मिस्त्री येत्या वर्षी मृगापूर्वी सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली तयार होत असलेला तरुण तालुक्यातलाच आहे. विजेचे काम रीतसर शिकलेला आहे. त्याच्या बरोबरीचे बहुतेक मित्र मुंबईला चाकरीसाठी गेले. त्यालाही तेथे अधिक वेतन मिळेल हे तो जाणतो आणि आम्हीही जाणतो. तो येथे राहावा असे वाटत असेल तर केवळ सेवाभावाचे आवाहन करून भागणार नाही. त्याला योग्य वेतन, पुढील प्रशिक्षणाची सोय, चांगली हत्यारे आणि कामास साजेसा मान द्यावा लागेल. कौल कोठे ठिसूळ आहे, कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, जुनी वाहिनी कोणत्या भिंतीतून गेली आहे, हे ज्ञान कोणत्याही नकाशावर नाही. ते एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जाण्यास काळ लागतो. म्हणून निवृत्तीपूर्वीचे हे संपूर्ण वर्ष दोघे एकत्र फेरी करतात आणि तो तरुण प्रत्येक वाहिनीचा, प्रत्येक खटक्याचा आराखडा कागदावर उतरवून घेतो आहे.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपल्या उदारतेवरच ही वास्तू उभी आहे, आणि तिच्या भिंतींवरील नामफलकांकडे आम्ही कृतज्ञतेनेच पाहतो. कक्षास, खाटेस, यंत्रास आपल्या आईवडिलांचे नाव द्यावे ही भावना पवित्र आहे. परंतु गच्चीच्या उताराला नाव देता येत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यावर संगमरवरी पाटी लावता येत नाही. त्यामुळे या कामांसाठी देणगी येत नाही, आणि आली तरी सर्वांत शेवटी येते. यासाठी विश्वस्त मंडळाने असा ठराव केला आहे की, यापुढे इमारत वा यंत्रसामग्रीसाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीचा दहावा हिस्सा, देणगीदारांच्या संमतीने, स्थायी देखभाल निधीत जमा व्हावा आणि त्याच्या व्याजातून देखभाल विभागाचे वेतन व आगोटीची कामे व्हावीत. आपण दिलेले यंत्र दहा वर्षांनंतरही चालत असावे, यासाठी दिलेला हा हिस्सा आहे. त्यास आपण मनःपूर्वक संमती द्यावी, ही आमची विनंती.

रुग्णांच्या आप्तेष्टांसही दोन शब्द सांगतो. मोबाइल लावण्यासाठी खाटेजवळच्या यंत्राची पिन काढू नये. ते यंत्र रुग्णास ऑक्सिजन देत असू शकते. शौचालयात कापड वा डायपर टाकू नयेत. पुढे तुंबणारी वाहिनी ही आपल्याच रुग्णाच्या कक्षाखालून जाते. जिन्यात व मागच्या दारात सामान ठेवू नये. नळ गळताना, तार उघडी पडलेली वा भिंतीवर ओल दिसल्यास कोणत्याही सेवकास अवश्य सांगावे. संत गाडगेबाबा गावात येताच प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभारणारेही तेच. सार्वजनिक जागा ही आपलीच आहे, हे त्यांनी बोलण्याआधी करून दाखवले. आपण निदान तिला अपाय होऊ नये एवढी काळजी घेऊ या.

अध्यक्ष महोदय, येत्या वर्षीच्या अहवालात देखभाल विभागाविषयी सांगण्यासारखे काही विशेष घडू नये, अशी आमची प्रार्थना आहे. दिवे लागावेत, पाणी यावे, छत कोरडे राहावे, रात्री मागचे दार उघडता यावे, आणि हे सारे कोणाच्या लक्षातही येऊ नये. मात्र ते कोणाच्या श्रमांमुळे घडते, याचा आपणा सर्वांस विसर पडू नये, एवढ्यासाठी आजचा हा वेळ घेतला.

मिस्त्री सभागृहात उपस्थित नाहीत. आमचे भाषण सुरू होण्यापूर्वी ते मागच्या पंपाकडे गेले आहेत. त्यांच्या अनुपस्थितीतच विश्वस्त मंडळाच्या वतीने आम्ही त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे आभार मानतो आणि आपली रजा घेतो.